लवकर निवृत्ती आणि विखुरलेलं पेन्शन : काय जोडायचं, काय तसंच ठेवायचं

आजचा विषय पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या आणि "पुरे आता ही नोकरी" असं मनात येऊ लागलेल्या मंडळींसाठी आहे. घर झालंय, कर्ज फिटत आलंय, मुलं मार्गी लागलीत किंवा लागण्याच्या बेतात आहेत. अशा वेळी माणूस कपाटातली फाइल काढतो आणि त्याच्या लक्षात येतं की आपला पैसा तीन गावांत पडलाय. पहिली नोकरी पुण्यात, दुसरी बंगळुरूला, तिसरी हैदराबादला. प्रत्येक ठिकाणी पीएफ कापला गेला, प्रत्येक ठिकाणी एक वेगळा खातेक्रमांक मिळाला. मग प्रश्न येतो : हे सगळं एकत्र करून टाकू का? केलं तर पेन्शन वाढेल का? आणि अठ्ठावन्नच्या आधीच सोडणार असेन, तर नुकसान किती?

"पेन्शन एकत्र करणं" असं आपण सहज म्हणतो, पण त्या दोन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. पीएफची रक्कम, पेन्शन योजनेतली सेवा, कंपनीचा सुपरअॅन्युएशन फंड किंवा एनपीएस, आणि ग्रॅच्युइटी. चौघांचे नियम वेगळे. पहिलीत पैसा जोडला जातो, दुसरीत पैसा नाही तर वर्षं जोडली जातात, तिसरीत आपल्याला निवड करावी लागते आणि चौथी कधीच जोडली जात नाही. बहुतेक गोंधळ दुसरीबद्दल असतो, म्हणून आज तिथेच जास्त वेळ घालवू. सरकारी खात्यातल्या जुन्या पेन्शनवाल्यांचा हिशेब वेगळा असतो. आजची चर्चा खासगी आणि ईपीएफ लागू असलेल्या नोकऱ्यांपुरती.

पासबुकातलं ते शून्य

आधी पैसा कुठे जातो ते पाहू. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून कापलेले १२ टक्के पूर्णपणे पीएफ खात्यात जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये वळवले जातात. त्यालाही मर्यादा आहे. पगार कितीही असो, हे ८.३३ टक्के १५,००० रुपयांवरच मोजतात, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. मालकाच्या हिश्श्यातलं उरलेलं तुमच्या पीएफमध्ये जमा होतं.

आता बघा, जुनं खातं नव्या खात्यात ट्रान्सफर केलं की पीएफची रक्कम तिकडून इकडे येते. पासबुक उघडलं की आकडा दिसतो, समाधान होतं. पण शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात ट्रान्सफरची रक्कम शून्य दिसते. इथे कितीतरी लोक घाबरतात. "माझे पेन्शनचे साठ हजार गेले कुठे?" ते कुठेही गेलेले नाहीत. ईपीएस हे तुमच्या नावाचं बचत खातं नाहीच. तो सगळ्यांचा मिळून एक फंड आहे, आणि त्यात तुमच्या नावावर रुपये नाही, सेवेची वर्षं लिहिलेली असतात. ट्रान्सफरमध्ये ही वर्षं पुढे जातात. म्हणून शून्य बघून चिंता करू नका, पण आपली सेवा पुढे गेली का, हे मात्र तपासा. यूएएनच्या पोर्टलवर सेवा-इतिहास दिसतो. प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख तिथे असायला हवी. एका पीएफ कार्यालयातून दुसऱ्याकडे किंवा कंपनीच्या ट्रस्टकडून पीएफ कार्यालयाकडे जो कागद जातो त्याला 'अनेक्श्चर के' म्हणतात. शिल्लक आणि सेवाकाळ दोन्ही त्यावर असतात. ट्रान्सफर झालं की त्याची प्रत काढून फाइलला लावा.

ज्यांच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट होता त्यांच्यासाठी एक सूचना. ट्रस्ट साधारणपणे फक्त पीएफ सांभाळतो. पेन्शनचा वाटा ट्रस्टकडे नसतो, तो सरकारी पेन्शन फंडातच जातो. त्यामुळे ट्रस्टकडून सगळा पीएफ मिळाला म्हणजे पेन्शनचंही काम झालं, असं धरून चालू नका.

दहा वर्षांचा उंबरठा

ईपीएस १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा दहा आहे. एकूण पेन्शनपात्र सेवा दहा वर्षं भरली तरच मासिक पेन्शन मिळतं. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षांवालाही दहात बसतो. ही दहा वर्षं एकाच मालकाकडे व्हायला हवीत असं नाही. मध्ये दोन वर्षं घरी बसलात तरी चालतं. फक्त तुकडे जोडलेले हवेत.

उदाहरण घ्या. एका बाईंनी वडोदऱ्याच्या कारखान्यात सप्टेंबर २००८ ते ऑगस्ट २०१४ अशी सहा वर्षं काम केलं आणि नंतर इंदूरला चार वर्षं. दोन्ही खाती सुटी राहिली तर एकात सहा, दुसऱ्यात चार. कुठेच दहा नाहीत, म्हणून पेन्शन नाही. दोन्ही जोडली तर दहा पूर्ण होतात आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याला सुमारे १,४०० रुपये जन्मभर मिळतात. त्यांच्यामागे नवऱ्याला साधारण निम्मं. रक्कम लहान आहे, मान्य. पण 'काही नाही' आणि 'जन्मभर काहीतरी' यांच्यातलं अंतर एका ट्रान्सफर अर्जाचं आहे.

सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असेल आणि नोकरी सोडली असेल तर दोन वाटा असतात. एक, पेन्शनचे पैसे काढून घ्यायचे. ढोबळ हिशेबानं मर्यादेतल्या पगाराचा एक महिना दर वर्षामागे मिळतो. दुसरी, स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं. हा तुमच्या सेवेचा दाखला. पुढे कधी ईपीएफ लागू असलेली नोकरी धरली तर तो नव्या मालकामार्फत जमा केला की जुनी वर्षं मोजली जातात. दोन्हींसाठी अर्ज एकच, फॉर्म १०सी. खूण कुठल्या चौकटीत करता त्यावर सगळं अवलंबून. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मात्र पैसे काढण्याची वाट बंद होते, मग सर्टिफिकेट किंवा पेन्शन हेच.

लवकर निवृत्त होणाऱ्यांपैकी ज्यांची एकूण सेवा सात-आठ वर्षं आहे, त्यांना मी नेहमी सांगतो, घाईनं पैसे काढू नका. पन्नाशीत नोकरी सोडलेली बरीच मंडळी दोन वर्षांत कंटाळतात आणि एखाद्या लहान कंपनीत सल्लागार म्हणून का होईना, पुन्हा रुजू होतात. तिथे ईपीएफ लागू असेल तर उरलेली दोन-तीन वर्षं भरून निघतात. यात एक काटा आहे, तोही सांगतो. ज्यांनी जुनी सेवा पूर्ण काढून घेतली आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० रुपयांपेक्षा जास्त मूळ पगारावर नवी नोकरी धरली, त्यांना ईपीएसमध्ये नव्यानं प्रवेश मिळत नाही. सेवा जिवंत ठेवणाऱ्याचं दार उघडं राहतं.

तीन नोकऱ्यांचा हिशेब

आता सुरुवातीच्या पुणे-बंगळुरू-हैदराबादवाल्या गृहस्थांकडे येऊ. समजा, सप्टेंबर १९९८ ते ऑगस्ट २००४ पुण्यात, म्हणजे सहा वर्षं. तिथून ऑगस्ट २०१४ पर्यंत बंगळुरूला दहा वर्षं. मग ऑगस्ट २०२५ पर्यंत हैदराबादला अकरा. एकूण सत्तावीस. वय बावन्न. पगार आज लाखाच्या वर.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, तीही मर्यादेतली. आणि ही मर्यादा दोन तुकड्यांत लागू होते. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला ६,५०० रुपये, त्यानंतरच्या सेवेला १५,०००. इंटरनेटवर जे कॅलक्युलेटर फिरतात त्यांतले कितीतरी सगळ्या वर्षांना सरसकट १५,००० लावतात आणि आकडा फुगवून दाखवतात. सत्तावीस वर्षांना पंधरा हजारांनी गुणलं तर ५,७८६ येतात. खरा हिशेब असा. पुणे आणि बंगळुरूची सोळा वर्षं : ६,५०० गुणिले १६ भागिले ७० म्हणजे १,४८६. हैदराबादची अकरा : १५,००० गुणिले ११ भागिले ७० म्हणजे २,३५७. बेरीज ३,८४३ रुपये.

लाखाच्या वर पगार घेणाऱ्याला हे ऐकून धक्का बसतो. पण महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जात होते, हे लक्षात घेतलं तर नवल वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांनी वाढीव पगारावर पेन्शनचा पर्याय दिला आणि तो मंजूर झाला, त्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे. त्यांनी हे आकडे आपल्याला लावू नयेत.

यात जोडणीचा वाटा किती? पुण्याची सहा वर्षं जोडली गेली नसती तर महिन्याला ५५७ रुपये कमी मिळाले असते. उलट बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००४ साली या गृहस्थांनी त्या सहा वर्षांचे पैसे काढले असते तर हातात चाळीस हजारांच्या आसपास आले असते. ते त्यांनी चांगल्या ठिकाणी गुंतवून अठ्ठावन्नपर्यंत हात लावला नसता, तर त्याचं व्याज ५५७ पेक्षा जास्त झालं असतं. कारण ईपीएसचं पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. सुरू झालं तेव्हा जो आकडा, तोच पंधरा वर्षांनी. म्हणजे सेवा जोडल्यानं माणूस श्रीमंत होतो असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. जोडणीचा खरा उपयोग दुसरा : दहाचा उंबरठा ओलांडणं, आणि आपल्यामागे घरच्यांना पेन्शन लागणं. दहा वर्षांची सेवा असलेला माणूस नोकरीत नसताना, पेन्शन सुरू होण्याआधी गेला तरी त्याच्या पत्नीला पेन्शन मिळतं. सेवा कागदावर नसेल तर त्या बाईंनी तीन शहरांतल्या कार्यालयांचे उंबरे झिजवायचे. शिवाय, खरं बोलायचं तर २००४ साली काढलेले चाळीस हजार सत्तावीस वर्षं न मोडता ठेवणारी माणसं किती असतील? ते बहुधा दुचाकीत किंवा फ्रिजमध्ये गेले असते.

बावन्नला घ्यायचं की अठ्ठावन्नला

सेवा जोडून झाली. आता लवकर निवृत्तीचा खरा प्रश्न. दहा वर्षं भरली असतील आणि नोकरी सोडली असेल तर पन्नासाव्या वर्षापासून पेन्शन सुरू करता येतं. पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षी चार टक्के कापले जातात. उलट अठ्ठावन्ननंतर साठपर्यंत थांबलात तर दर वर्षी चार टक्के वाढ मिळते, ही सोय २०१६ पासून आहे.

आपल्या गृहस्थांनी बावन्नला अर्ज केला तर ३,८४३ चे साधारण तीन हजार होतील. आणि ते तीन हजारच राहतील. अठ्ठावन्न झाल्यावर पूर्ण पेन्शन चालू होईल, हा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. कपात कायमची.

म्हणून थांबावं का? इथे लोक पटकन "हो" म्हणतात. मी म्हणतो, आधी गणित करा. सहा वर्षं तीन हजार म्हणजे दोन लाख सोळा हजार हातात आले. अठ्ठावन्ननंतर दर महिन्याला साधारण साडेआठशे कमी मिळणार. व्याज बाजूला ठेवलं तरी हा तोटा भरून यायला वीसेक वर्षं लागतात, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीपर्यंत लवकर घेणारा पुढे. आणि ते तीन हजार खर्च न करता बाजूला ठेवले, चार-साडेचार टक्क्यांहून जास्त व्याज मिळालं, तर तो कायमच पुढे राहतो. पेन्शन महागाईबरोबर वाढत असतं तर हा हिशेब उलटा झाला असता. ते वाढत नाही, म्हणून थांबण्याचं बक्षीस फारसं मोठं नाही.

तरी थांबावं असं म्हणायला तीन कारणं आहेत. पहिलं, वीस वर्षांहून जास्त सेवा आणि अठ्ठावन्न पूर्ण, असे दोन्ही असले की सेवेत दोन वर्षांची भर पडते. या गृहस्थांच्या बाबतीत ती महिन्याला तीन-चारशे रुपयांची असेल. लवकर पेन्शन घेणाऱ्यानं ही भर आपल्या हिशेबात धरू नये. ती धरली तर बरोबरीचा टप्पा अठ्ठ्याहत्तरीवरून सत्तरीच्या सुरुवातीला येतो, आणि मग थांबणं दिसतं तितकं वेडेपणाचं राहत नाही. दुसरं, पत्नीचं पेन्शन तुमच्या पेन्शनवरून ठरतं. तुम्ही कापलेलं घेतलंत तर तिचंही त्याच मापात. पत्नी वयानं बरीच लहान असेल आणि तिचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर हा मुद्दा मला व्याजाच्या गणितापेक्षा मोठा वाटतो. तिसरं, मुदतपूर्व पेन्शनसाठी तुम्ही ईपीएफ लागू असलेल्या नोकरीत नसणं ही अटच आहे. पुन्हा काम धरायची थोडीशीही शक्यता असेल तर फॉर्म १०डी भरू नका. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा आणि वर्षभरानं पुन्हा विचार करा. थांबलेला माणूस कधीही सुरू करू शकतो.

सत्तावीस ऐवजी बारा-तेरा वर्षं सेवा असेल, दोन वर्षांची भर लागूच होत नसेल, पत्नीला स्वतःचं पेन्शन असेल, आणि नोकरीचा नाद खरोखर सुटला असेल, तर मी लवकर घ्या असंच म्हणेन.

पीएफ : जोडायचं नक्की, काढायचं नाही लगेच

पीएफबद्दल दुमत नाही. सगळी जुनी खाती शेवटच्या खात्यात आणा. यूएएन २०१४ साली आला, त्याआधीची खाती बऱ्याचदा मोकळी फिरत असतात. काहींना दोन कंपन्यांनी दोन यूएएन काढून दिलेले असतात. तेव्हा जुन्याकडून चालू यूएएनमध्ये ट्रान्सफर करून घ्यायचं.

यात कराचा मुद्दा दडलेला आहे. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी पीएफ काढला तर तो करपात्र होतो. शेवटच्या नोकरीत तीनच वर्षं झाली असतील आणि आधीची दहा वर्षं ट्रान्सफर केलेली असतील, तर ती सगळी मिळून तेरा धरली जातात आणि कर लागत नाही. ट्रान्सफर केलेलं नसेल तर त्या तीन वर्षांच्या रकमेवर कर. सेवा तितकीच, माणूस तोच, केवळ एक अर्ज राहिला म्हणून कर भरायचा!

काढण्याची घाई मात्र नको. बावन्नला नोकरी सोडली तरी खात्यावर अठ्ठावन्नपर्यंत व्याज मिळत राहतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के होतं. इतक्या निर्धोक ठिकाणी इतकं व्याज बँकेच्या ठेवीत सहसा मिळत नाही. फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र धरलं जातं, तेव्हा ते दरवर्षी विवरणपत्रात दाखवा.

ज्यांचा घरखर्चच पहिल्या दिवसापासून पीएफवर चालणार आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ठरवलं की नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करायची, आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठीची दोन महिन्यांवरून छत्तीस. पाऊण रक्कम आधी काढता येईल, पाव खात्यात राहील. राजीनाम्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे पोर्टलवर पाहून मगच तारीख ठरवा. वर्षभराचा घरखर्च पीएफबाहेर, साध्या बचत खात्यात किंवा ठेवीत असलेला केव्हाही बरा.

सुपरअॅन्युएशन, एनपीएस आणि ग्रॅच्युइटी

मोठ्या कंपन्यांत, विशेषतः जुन्या, सुपरअॅन्युएशन फंड असतो. बऱ्याचदा तो एलआयसीकडे असतो. गंमत अशी की वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीत आपला असा फंड होता, हे कितीतरी जणांना आठवतच नाही. जुन्या पगारपत्रकांत शोधा. नोकरी सोडताना तो नव्या मालकाच्या फंडात नेता येतो, तिथेच निवृत्तीच्या वयापर्यंत ठेवता येतो, किंवा नियमांत बसत असेल तर एनपीएसमध्ये हलवता येतो. ही शेवटची सोय २०१७ पासून आहे आणि अशा थेट हस्तांतरावर कर लागत नाही. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी मिळालेल्याला या फंडाचा एक तृतीयांश भाग करमुक्त एकरकमी घेता येतो, बाकीचं पेन्शन. मात्र 'निवृत्ती' कशाला म्हणायचं हे त्या ट्रस्टच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. काही ठिकाणी पन्नास वर्षांनंतर सोडणं निवृत्ती धरतात, काही ठिकाणी तो निव्वळ राजीनामा ठरतो आणि कराची सवलत हातची जाते. एचआरकडून नियमावलीची प्रत मागा. तोंडी उत्तरावर राहू नका.

एनपीएसमध्ये जोडण्यासारखं काही नसतं. प्रान क्रमांक एकच, तो तुमच्याबरोबर फिरतो. नोकरी सोडली म्हणून बाहेर पडायची सक्ती नाही. मुदतीआधी बाहेर पडलात तर ८० टक्के रकमेची अॅन्युइटी घ्यावी लागते, आणि पन्नाशीत घेतलेल्या अॅन्युइटीचा दर साठीतल्यापेक्षा कमी असतो. खातं तसंच चालू द्या. पीएफही एनपीएसमध्ये नेऊन "सगळं एकाच छताखाली" आणावं असा सल्ला कधी कधी दिला जातो. मला तो लवकर निवृत्त होणाऱ्यासाठी पटत नाही. सरकारनं जाहीर केलेल्या व्याजाचा आणि पूर्ण काढता येणारा पैसा, बाजारावर अवलंबून असणाऱ्या आणि अंशतः अडकणाऱ्या ठिकाणी नेण्यात सोय कमी, अडचण जास्त.

ग्रॅच्युइटी दर मालकाकडची वेगळी. पुण्याची वर्षं हैदराबादच्या ग्रॅच्युइटीत मोजली जात नाहीत. जोडली जाते ती फक्त करसवलतीची मर्यादा : आयुष्यभरात सगळ्या मालकांकडून मिळून वीस लाख. शेवटच्या नोकरीत साडेचार वर्षं झाली असतील आणि पाचवं पूर्ण व्हायला काही महिनेच उरले असतील, तर राजीनामा तितके दिवस पुढे ढकला.

राजीनाम्याआधीची कामं

ही कामं खुर्चीवर असतानाच करायची. त्याचं कारण व्यवहाराचं आहे. नोकरीत असताना चालू मालकाची डिजिटल सही, एचआरमधली ओळख आणि चालू खातं हाताशी असतं. बाहेर पडल्यावर तुम्ही 'माजी' होता आणि तुमचा अर्ज ढिगाच्या तळाशी जातो.

सगळ्यात आधी नाव आणि जन्मतारीख. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, जुन्या पीएफवर आडनाव आधी, लग्नानंतर बदललेलं नाव वेगळंच. मराठी नावांची ही तऱ्हा परप्रांतातल्या कार्यालयांत हमखास अडते. चालू खात्यातली माहिती आधारशी जुळली की बरीचशी ट्रान्सफर मालकाच्या मंजुरीशिवायही होतात. मग सोडल्याच्या तारखा. जुन्या कंपनीनं ती भरलेली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते. ती भरताना पुढच्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढणार नाही हे पाहा. दोन नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढले की पेन्शनचा अर्ज अडतो. नॉमिनी पोर्टलवर नव्यानं नोंदवा, कारण १९९८ सालच्या फॉर्मवर बहुतेकांनी आईचं नाव लिहिलेलं असतं.

पेन्शन कुठे घ्यायचं याची मात्र आता काळजी नाही. जानेवारी २०२५ पासून ईपीएसचं पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळू शकतं. हैदराबादला निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला आलात तरी कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवण्याची गरज उरलेली नाही.

राहिली बंद पडलेली कंपनी. मालक नाही, सही नाही. अशा वेळी ज्या कार्यालयाच्या हद्दीत ती कंपनी होती तिथल्या पीएफ कार्यालयात अर्ज द्यायचा. सोबत नेमणूकपत्र, पगारपत्रकं, जुनी वार्षिक पीएफ स्लिप, त्या काळातलं बँक पासबुक, जे असेल ते. वर्गणी भरल्याची नोंद कार्यालयाकडे असते, तुम्ही तोच माणूस आहात एवढं सिद्ध करायचं असतं. पत्रावर आवक क्रमांक घ्या, आणि महिन्यात उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, तोच आवक क्रमांक टाकून तक्रार नोंदवा.